कोल्हापुरात शिकायला येताय? खोली, मेस, कागदपत्रं आणि पंचगंगेचं पाणी

पुण्याचा खर्च झेपत नाही म्हणून कोल्हापूर, असा हिशेब करून इथे येणारी मुलं दरवर्षी भेटतात. हिशेब चुकीचा नाही. खोली, जेवण, फिरणं सगळंच इथे स्वस्त पडतं आणि शहर झोपाळूही नाही. मात्र ही स्वस्ताई जाहिरातीत सापडत नाही. चांगली खोली आणि चांगली मेस इथे तोंडातोंडी कळते. विद्यापीठ, शिष्यवृत्ती, परीक्षा विभाग इथे मात्र तोंडी काहीच चालत नाही, कागदच लागतो. नवीन मुलं नेमकं उलटं करतात. खोली फोनवर बघून ॲडव्हान्स पाठवतात आणि दाखल्यांचं ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणतात. मी मराठवाड्यातून आलेला, म्हणजे इथे बाहेरचाच. आता दर जूनमध्ये गावाकडच्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो आणि तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी कॉलेज नेमकं कुठे आहे ते बघा

हे वाचून हसू येईल, पण ‘शिवाजी विद्यापीठात ॲडमिशन मिळालं’ एवढ्यावर कोल्हापुरात खोली घेणारे असतात. १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात. तुमचं कॉलेज गडहिंग्लजलाही असू शकतं. प्रवेशपत्रावर विद्यापीठाच्या नावाखाली कॉलेजचा पत्ता असतो, तो वाचा.

शहरातच असाल तर भाग निवडताना दोन गोष्टी बघा: कॉलेज किती लांब आहे आणि नदी किती जवळ आहे. दुसरी गोष्ट उन्हाळ्यात कुणाच्या डोक्यात येत नाही.

विद्यापीठ, राजाराम कॉलेज किंवा सायबर कॉलेजला असाल तर राजारामपुरी, सागरमाळ, सम्राटनगर, राजेंद्रनगर, प्रतिभानगर, एसएससी बोर्डाचा परिसर. सगळा भाग उंचावर आहे, पुराची भीती नाही, आणि विद्यार्थ्यांची वस्ती जुनी असल्याने मेस, झेरॉक्स, अभ्यासिका हाकेच्या अंतरावर. राजारामपुरीत गल्ल्या नंबराने ओळखतात, त्यामुळे नवख्या माणसालाही पत्ता सापडतो.

न्यू कॉलेजला असाल तर शिवाजी पेठ, मंगळवार पेठ. हे जुनं कोल्हापूर: तालमी, अरुंद बोळ, वाड्यातल्या खोल्या आणि रात्री उशिरापर्यंत जागी असलेली कोपऱ्यावरची पोरं. खोली स्वस्त मिळते. शांतता हवी असेल तर हा भाग तुमचा नाही.

विवेकानंद किंवा महावीर कॉलेजला ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क जवळ पडतात. झाडी आहे, बंगले आहेत, भाडंही त्या मानाने. शिवाय नागाळा पार्कचा सखल भाग मोठ्या पुरात पाण्यात जातो. कसबा बावड्यात इंजिनिअरिंग-मेडिकलची गर्दी, तिथेही नदीकडची बाजू टाळा. केआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांनी शहरात राहून रोज गोकुळ शिरगावला जायचं की तिकडेच राहायचं हे आधी ठरवावं. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष कॉलेजजवळ, मग शहर.

२. घर सोडण्याआधी काढायचे कागद

इथे आल्यावर काढू म्हणालात तर परत गावी जावं लागेल, कारण यातले बरेच दाखले तुमच्या मूळ तालुक्यातूनच मिळतात.

- दहावी, बारावी आणि पदवीची (असेल तर) सर्व गुणपत्रकं, मूळ
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट
- शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, लागू असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर
- आधार, रेशनकार्डाची प्रत, एबीसी किंवा अपार आयडी (विद्यार्थ्याचा ऑनलाइन शैक्षणिक ओळख क्रमांक)
- आधारशी जोडलेलं बँक खातं
- पासपोर्ट फोटो, वाटतात त्याच्या दुप्पट

यात खड्डे कुठे आहेत ते सांगतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला जुलैमध्ये निरुपयोगी ठरतो, म्हणून एप्रिल उजाडल्यावरच काढा. नॉन-क्रिमिलेअरवरही मुदतीचं वर्ष लिहिलेलं असतं, ते स्वतः वाचा. सेतूतला (दाखले काढायच्या केंद्रातला) माणूस म्हणाला ‘चालतंय’, म्हणून सोडू नका.

जात वैधतेला महिने लागतात. बारावीत असतानाच अर्ज टाकलेला बरा. अर्जाची पावती काही ठिकाणी तात्पुरती चालते, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर आरक्षित जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो.

मूळ टीसी कॉलेजात जमा होते आणि ती परत तशीच मिळत नाही. द्यायच्या आधी तिच्या भरपूर झेरॉक्स काढा, स्कॅन करून स्वतःलाच मेल करून ठेवा. गुणपत्रकं मूळ द्यावी लागली तर पोच घ्या. रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही.

३. राहायचं कुठे: वसतिगृह, बोर्डिंग की खोली

आधी वसतिगृह बघा. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालं असं नाही. त्याचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, तारीख वेगळी. विभागात प्रवेश घेतला त्याच दिवशी वसतिगृहाची चौकशी करा, घरी जाऊन आठवड्याने येऊ नका.

मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत, त्यांचा अर्ज ऑनलाइन. तिथे जागा मिळाली नाही तर कोणती योजना लागू पडते ते सहाव्या मुद्द्यात सांगतो.

मग येतात बोर्डिंगं, आणि ही खास कोल्हापूरची गोष्ट. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी इथे वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातला मुलगा शहरात राहायची सोय नाही म्हणून शिकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. शाळा काढून भागत नाही, मुक्काम आणि दोन वेळचं जेवणही लागतं. आज कोल्हापूर विद्यार्थ्याला परवडतं त्यामागे हे एक कारण आहेच. पोरं शिकायला येणार, त्यांना ठेवून घ्यायचं, ही इथली सव्वाशे वर्षांची सवय आहे. दसरा चौकाभोवती फिरलात तर यातली काही बोर्डिंगं अजून दिसतील.

बोर्डिंगची माहिती इंटरनेटवर शोधत बसू नका. जूनमध्ये थेट जाऊन व्यवस्थापकांना भेटा. प्रवेश कुणाला, नियम काय, जेवण आहे का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. नियम कडक असतात, खोलीत चार-पाच जण असतात, पण खर्च इतका कमी पडतो की निम्मी काळजी मिटते.

यातलं काहीच जमलं नाही तर खोली.

४. खोली कशी शोधायची

कॉलेज सुरू व्हायच्या चार-पाच दिवस आधी या. अंबाबाईच्या देवळाजवळ भाविकांसाठी यात्री निवास, धर्मशाळा भरपूर आहेत, तिथे कमी पैशांत मुक्काम होतो. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार-रविवार तिथे गर्दी असते, ते वार टाळा.

मग चालत फिरा. ज्या भागात राहायचं तिथल्या झेरॉक्सवाल्याला, चहावाल्याला, मेसवाल्या काकूंना विचारा. ‘खोली भाड्याने देणे आहे’ असे कागद दारांवर लावलेले असतात, पण बऱ्याच घरमालकांना तेवढीही गरज पडत नाही. मागच्या वर्षीची पोरं पुढच्यांना सांगून जातात. म्हणून सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे तुमच्याच विभागातला सीनियर. एजंटाकडे जाऊच नका असं मी म्हणणार नाही, पण एका कॉटसाठी एजंटाला महिन्याचं भाडं देणं इथे तरी मूर्खपणा आहे.

कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं, महिन्याला साधारण दोन ते चार हजार धरा. भाग, संडास-बाथरूम आतलं की बाहेरचं आणि खोलीत किती जण यावर वर-खाली होतं. स्वतंत्र खोली घेऊन दोघांत वाटून घेतली तर कधी कधी तेवढ्यातच भागतं.

खोली बघताना हे विचारा:

- पाणी किती वाजता येतं, बोअर आहे का? शहराचं पाणी बंद पडलं की बोअरवाली खोली सोन्यासारखी वाटते.
- लाईट बिल वेगळं की भाड्यात? सबमीटर असेल तर युनिटला काय दर लावता? आणि आजचं रीडिंग फोटो काढून ठेवा.
- रात्री दार किती वाजता बंद होतं? अभ्यासिकेतून अकराला येणाऱ्याला दहाचं कुलूप परवडत नाही.
- घरून आई-वडील आले तर राहू देता का?
- पावसात भिंतीला ओल येते का? हे मालक सांगणार नाही. कपाटामागे हात लावून बघा, आधीच्या पोरांना विचारा.

डिपॉझिट सहसा एक-दोन महिन्यांचं. इथे शब्दावर व्यवहार फार चालतो आणि बहुतेक माणसं शब्दाला जागतात. तरीही डिपॉझिट लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं निम्मं डिपॉझिट ‘रंग मारावा लागला’ म्हणून गेलं. रंगाचं आधी बोलणंच झालं नव्हतं आणि त्याच्याकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती. कायद्याने लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कॉटबेसिसवर सहसा कोणी तो करत नाही. मग निदान वहीच्या पानावर रक्कम, तारीख, किती दिवस आधी सांगून खोली सोडायची आणि कापायचं असेल तर कशाचं, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि पैसे खात्यावरून पाठवा. राहण्याच्या पुराव्यावर मिळणाऱ्या योजनांसाठी करार लागतोच, तेव्हा अर्ज करणार असाल तर खोली ठरवतानाच मालकांना तसं सांगा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं काम मालकाचं. त्यांनी आधारची प्रत मागितली तर दचकू नका. प्रतीवर ‘फक्त भाडेकरू नोंदणीसाठी’ असं लिहून तारीख टाका आणि द्या.

५. मेस

कोल्हापुरात उपाशी राहणं अवघड आहे, पण रोजचं जेवण चुकीच्या मेसमध्ये लागलं तर वर्ष वाया जातं. दोन वेळचं महिन्याला साधारण अडीच ते साडेतीन हजारांत होतं. डबा खोलीवर हवा असेल तर थोडं जास्त.

पहिल्याच दिवशी महिन्याचे पैसे भरू नका. पाहुणा म्हणून एकदा दुपारी आणि एकदा रात्री जेवा. दुपारचं जेवण सगळेच बरं करतात, मेसची खरी परीक्षा रात्री नऊनंतर होते. उशिरा जाऊन बघा, भाजी उरलीय का आणि चपाती गरम मिळते का. तुमच्याकडे ज्वारी खायची सवय असेल तर भाकरी कोणत्या वारी असते ते विचारा.

आणि खाडा. ‘खाडा धरता का?’ हा प्रश्न विसरायचा नाही. गावी गेलात तर त्या दिवसांचे पैसे वळते होतात का, सलग किती दिवस गेल्यावर, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं का. काही मेस तीन दिवसांच्या आतला खाडा धरत नाहीत, काही धरतच नाहीत. दिवाळीच्या महिन्यात हा हिशेब मोठा होतो. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्याचे पैसे वेगळे धरा.

नॉनव्हेज बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक-दोनदा, वेगळे पैसे देऊन. तांबडा-पांढरा रस्सा पहिल्यांदा पिताना पांढऱ्यापासून सुरुवात करा. बाहेरून आलेल्यांची समजूत असते की इथलं सगळंच जेवण जाळ. तसं नाही. रोजच्या मेसची आमटी कुठल्याही घरातल्यासारखी असते. जाळ असतो तो मिसळीत. उद्यमनगरातली फडतरे असो, बावड्याची असो किंवा तुमच्या कोपऱ्यावरची बिननावाची, कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मिळतो. आधी थोडा घ्या, मग वाढून मागा. सोबत स्लाईस ब्रेड येतो, पाव शोधू नका.

पैसे संपलेल्या महिनाअखेरीला गंगावेशीतला दूधकट्टा आठवा. संध्याकाळी म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाचा ग्लास हातात येतो. एका ग्लासात रात्रीचं जेवण टळतं, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

६. पैसे: शिष्यवृत्ती आणि काम

महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, हा शब्द वर्षभर ऐकायचाय. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटके-विमुक्त यांच्या शिष्यवृत्त्या आणि फी-माफी, खुल्या गटातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, सगळं त्याच पोर्टलवर. अर्ज तुम्ही भरला की तो कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडतो. कॉलेजने पुढे पाठवल्याशिवाय तो हलत नाही. तेव्हा अर्ज भरून घरी बसायचं नाही. त्याची प्रिंट आणि कागद ऑफिसातल्या संबंधित टेबलावर द्यायचे आणि दर पंधरा दिवसांनी पोर्टलवर स्थिती बघायची. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण पुन्हा करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते बँक खात्याच्या गोंधळात. शिष्यवृत्ती तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, आधारशी जोडलेल्या खात्यावर जाते. शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे तिकडे निघतात किंवा परत जातात. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे’, म्हणजे सरकारी पैसे नेमके कोणत्या खात्यावर येतील, हे विचारा. ‘आधार लिंक आहे का’ असं विचारलंत तर हो म्हणतील, आणि ते उत्तर पुरेसं नाही.

शासकीय वसतिगृहाचा अर्ज करूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम, ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. राहण्या-जेवणाचा खर्च खात्यावर येतो, पण उशिरा. त्यावर विसंबून जूनचं भाडं ठरवू नका.

मुलींसाठी: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘सगळं फुकट’ असं ऐकून याल तर फसाल. इतर शुल्कं आणि राहण्याचा खर्च यात नाही. फीची पावती घेताना कोणता रकाना माफ झाला ते बघा.

विद्यापीठात शिकणार असाल तर ‘कमवा आणि शिका’ची चौकशी नक्की करा. या योजनेतली मुलं रोज काही तास विद्यापीठातच काम करतात आणि त्यावर राहणं-जेवणं भागवतात. मुलांचं वसतिगृह पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या नावाने आहे. मुलाखत होते, जागा थोड्या असतात. इथून निघालेल्या मुलांची एकमेकांतली ओळख पुढेही टिकते, आणि माझ्या मते त्याची किंमत पैशांपेक्षा जास्त आहे. बाहेर काम शोधायचं तर शिकवण्या, दुकानं, डीटीपी. उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांत डिप्लोमा-इंजिनिअरिंगवाल्यांना सुट्टीत शिकायला मिळतं, पैसे थोडेच.

७. फिरणं

शहर लहान आहे. राजारामपुरीतून दसरा चौक चालत अर्ध्या तासात. सायकल असेल तर उत्तम, फक्त विद्यापीठाकडचा चढ लक्षात ठेवा. केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, विद्यार्थी पास मिळतो. त्याला कॉलेजचं बोनाफाईड लागतं, ते पहिल्या आठवड्यात दोन-तीन प्रती काढून ठेवा.

कागल, पन्हाळा, इचलकरंजी बाजूने रोज ये-जा करणाऱ्यांना एसटीचा विद्यार्थी पास खोलीपेक्षा स्वस्त पडतो. जयसिंगपूर, मिरजेकडच्यांना रेल्वेचा. वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी जीप, कुठेही हात केला की थांबतं, पण त्यात पास चालत नाही आणि ते भरल्याशिवाय निघत नाही. पेपरच्या दिवशी वडापवर अवलंबून राहू नका. गावी जायची एसटी प्रत्येक वेळी सीबीएसवरूनच (मध्यवर्ती बस स्थानकावरूनच) सुटते असंही नाही. काही गाड्या रंकाळा स्टँड आणि संभाजीनगर स्टँडवरून सुटतात, आधी विचारून घ्या.

विदर्भाकडच्यांना गोंदियापर्यंत जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. दिवाळीचं आरक्षण कॉलेजची सुट्टी जाहीर होईपर्यंत शिल्लक राहत नाही.

८. जुलै-ऑगस्ट

इथला पाऊस मराठवाड्यातल्या माणसाने कल्पना केलेला नसतो. कपडे आठवडाभर वाळत नाहीत. त्याचं काही नाही. नदीचं मात्र ऐकून ठेवा.

२००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात मोठा पूर आला. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात सगळं शहर हा आकडा बोलतं. पाठोपाठ विचारतं, ‘राधानगरीचे दरवाजे उघडले का?’ ते स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि काही तासांनी इथलं पाणी चढतं. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, रमणमळा, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा सखल भाग, ही पाणी येणारी ठिकाणं. यातल्या कुठल्याही भागात तळमजल्यावर खोली स्वस्त मिळत असेल तर ती का स्वस्त आहे ते कळलं असेल.

तुमची खोली उंचावर असली तरी पुराचा त्रास होतोच. २०१९ ला पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि सगळ्या शहराचा नळ बंद झाला, टँकरवर दिवस काढावे लागले. शिरोलीजवळ हायवे बंद झाला की पेट्रोल, भाजी सगळंच अडतं. म्हणून आकडा ३९ कडे निघाला की प्यायच्या पाण्याचे कॅन भरा, थोडी रोकड काढून ठेवा, पॉवर बँक चार्ज करा, मूळ कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घालून वरच्या फळीवर ठेवा. घरी फोन करून आधीच सांगा, नाहीतर टीव्हीवर बातम्या बघून ते निघतील आणि वाटेत अडकतील. नदी बघायला पुलावर जाऊ नका. सगळे जातात, तरी जाऊ नका.

९. अभ्यास आणि परीक्षा विभाग

इथे थोडक्यात. पीआरएन नंबर, म्हणजे विद्यापीठाचा तुमचा कायम नोंदणी क्रमांक, पाठ करा. परीक्षा फॉर्मची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्हीकडे बघा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. मुदत गेली की विलंब शुल्क. फॉर्म भरल्यावर विषयांची यादी तपासा. एक विषय कोड चुकला तर हॉल तिकिटावर तो पेपरच येत नाही आणि मग परीक्षा विभागाच्या खिडकीवर सकाळ जाते. उत्तरपत्रिकेची प्रत आणि फेरतपासणीची मुदत निकालानंतर लगेच सुरू होते, गावाकडे असलात तरी लक्ष ठेवा.

वाचायला विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. शहरात करवीर नगर वाचन मंदिर, १८५० चं. जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर त्याचं सभासद व्हाच. खोलीत अभ्यास होत नसेल तर अभ्यासिका लावा, पण पैसे भरण्याआधी परीक्षेच्या दिवसांत एकदा दुपारी आत डोकावून या. पंखा आणि कुजबुज, दोन्ही तेव्हाच कळतात.

आजारी पडलात तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सरकारी आहे, रांग आहे, पण खर्च नगण्य. रूममेटला सोबत न्या, एकाने रांगेत उभं राहायचं असतं.

१०. संध्याकाळी काय

पैसे न खर्चता. रंकाळ्यावर चक्कर. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात व्याख्यान, प्रदर्शन काहीतरी चालू असतं, आत जायला कोणी अडवत नाही. खासबागेत कुस्त्या असतील तेव्हा एकदा तरी मातीच्या आखाड्याभोवती बसा, मग बाहेर राजाभाऊंची भेळ. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ खेळतात आणि खोलीमालकसुद्धा दुकान बंद करून जातो. तिथे एक सल्ला: कुठल्या पेठेच्या पोरांसोबत बसलात ते ध्यानात ठेवून ओरडा. तुम्ही पाहुणे असलात तरी गोल झाल्यावर ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

विद्यापीठाचा युवा महोत्सव जवळ आला की कॉलेजात तालमी सुरू होतात. गाता-नाचता येत नसलं तरी पेटी उचलायला, पडदा ओढायला जा. बाहेरगावच्या मुलाला मित्र तिथे मिळतात, वर्गात नाही. आणि मित्र मिळाले की हिवाळ्यात कुणीतरी रस्सा मंडळाला बोलावतं: शेतात चूल, पातेलं, आपापली वर्गणी. भांडी घासायची तयारी ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा बोलावतील.

११. वर्ष संपताना

खोली सोडायची असेल तर ठरल्याप्रमाणे महिनाभर आधी सांगा, तेही मेसेजवर, म्हणजे तारीख राहते. उन्हाळ्याचे दोन महिने खोली ठेवायची असेल तर अर्धं भाडं घ्या असं विचारून बघा. बरेच मालक ऐकतात, कारण मे महिन्यात दुसरं कोणी येत नाही. मेसचा हिशेब निकालापर्यंत लांबवू नका.

शेवटचं वर्ष असेल तर ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा, जिमखाना यांची ‘काही येणे नाही’ची सही घेतल्याशिवाय टीसी मिळत नाही. या सह्या परीक्षा संपली त्याच आठवड्यात घ्या, सुट्टी लागली की एक तरी टेबल रिकामं सापडतं. पुढे दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशनचा अर्ज त्याच फेरीत करा. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्ताचा अर्ज वेगळा असतो, तो भरला नाही तर प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही. आणि प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत परत मागा. कॉलेजची वेगळी, ग्रंथालयाची वेगळी, वसतिगृहाची वेगळी. बहुतेक मुलं ती तशीच सोडून जातात, कारण पहिल्या वर्षीची पावती हरवलेली असते.